सासुरवाशिणीची भाऊबीज

"अरे! अरे, थांबवा त्यांना! त्याच्यावर फुली मारतायत!"

घरात ऐकायला कुणीही नव्हतं, तरी दक्षता बेंबीच्या देठापासून ओरडली. अकराव्या मजल्याच्या खिडकीतून कोपरची अख्खी खाडी दिसायची आणि खाडीच्या मधोमध एक उंच काळा खडक. आत्ता त्या खडकाला एक होडी लागली होती. होडीतला टोपीवाला माणूस लाल रंगाने खडकाच्या तोंडावरच भलीमोठी फुली काढत होता!

दक्षताने दार ओढून घेतलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने धूम ठोकली.

आता एका खडकासाठी एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण दक्षताला त्या खडकाशिवाय बोलायला दुसरं होतं तरी कोण? जूनमध्ये खोपटचं घर सुटलं. तिथे चाळीत दारं उघडी असायची, कुणाच्याही घरात जाऊन जेवता यायचं, डेपोतल्या एसट्यांची घरघर ऐकत झोप लागायची. इथे मजल्यावर चार घरं आणि चारही दारं बंद. त्याच महिन्यात दादा, म्हणजे यज्ञेश, नागपूरला हॉस्टेलवर गेला. आई-बाबा दोघंही ठाण्याला दुकानात कामाला. दिवाळीत तर तिथली कामं दुप्पट. मग दक्षता खिडकीत बसायची आणि खडकाला सगळं सांगायची. तोही तिच्यासारखाच एकटा होता ना! यात हसण्यासारखं काही नाही. ज्याला दिवसभर कुणी हाक मारत नाही, तो दगडालाही हाक मारतो.

खाली त्याच इमारतीत राहणारा सौमित्र भिंतीशी क्रिकेट खेळत होता आणि भिंत जिंकत होती. दक्षता अनवाणी धावत सुटलेली बघून तोही मागे धावला.

"ए अकरावा मजला! काय लोचा झालाय? आग लागली का?"

"खडक! खाडीतला! चल लवकर!"

पाच महिन्यांतलं हे त्यांचं पहिलंच बोलणं. सौमित्रने तेवढ्यावर बॅट टाकली. सगळी मित्रकंपनी गावाला गेलेली, त्यामुळे आग असो नाहीतर खडक, त्याला काहीही चाललं असतं.

कोळीवाड्याच्या धक्क्यावर दोघं पोचले तेव्हा होडी परत येत होती. होडी धाकू आजोबांची. पांढऱ्या मिशांचे धाकू आजोबा वल्हं मारत होते आणि त्यांचा नातू प्रणित दोर घेऊन धक्क्यावर उभा होता.

टोपीवाला उतरला. त्याच्या हातात हातोडी होती, गळ्यात दुर्बीण होती आणि चेहऱ्यावर घड्याळाची घाई होती.

"काका, तुम्ही त्याच्यावर फुली का मारली?" दक्षताने धापा टाकत विचारलं.

"काका नाही, देवेश सर. आम्ही जिल्ह्यातल्या नैसर्गिक खडकांची सूची करतोय. डोंगरातल्या सुळक्यांपासून खाडीतल्या खडकांपर्यंत, नाव घेण्यासारखे सगळे. सूचीत आला तो खडक सुरक्षित, त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि हा," सरांनी अंगठ्याने मागे दाखवलं, "हा बसत नाही. म्हणून फुली."

"बसत नाही म्हणजे? चांगला उभा आहे की!" सौमित्र म्हणाला.

सर हसले नाहीत. "उठून दिसतो, लोकांनी नाव दिलंय, सगळं खरं. पण खडक जागचा हवा. खालच्या कातळाशी जोडलेला, निसर्गाने तिथेच घडवलेला. मी होडीतून चार ठिकाणी बांबू खुपसून पाहिला. नुसता चिखल! पुलाच्या कामात उरलेला धोंडा असणार, कुणीतरी आणून टाकला. उद्या रस्त्यावर पडलेल्या प्रत्येक दगडाची नोंद करू का?"

"मग आता?"

"दिवाळी झाली की फोडतील. प्रवासी बोटींचा मार्ग इथूनच जाणार आहे." सर रिक्षात बसले आणि रिक्षा निघूनही गेली.

 परक्या पोरांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून दक्षता खाडीकडे तोंड करून उभी राहिली. दिवाळी झाली की खिडकीतून नुसतं पाणी दिसणार होतं.

"तिला आमी सासुरवाशीन बोलतो," मागून प्रणित हळूच म्हणाला.

"कुणाला?"

"तिलाच. खडकाला. भाऊ न्यायला येल म्हणून उभी राहिली, भाऊ आलाच नाय. चहूबाजूंनी पानी आला. मंग आमच्या वाड्यातले सगले बाप्ये तिचे भाऊ. भाऊबीजेला दुपारी होड्या घेऊन जातात आनि तिला खण-नारळ देतात." प्रणितने दोर गुंडाळला. "पन आता होड्या राह्यल्या किती? तीन. माज्या बरोबरीचा तर वाड्यात कोनीच नाय. सगली भिवंडी नायतर बदलापूरला गेली."

तिघांची गत सारखीच. एकाचे मित्र गावाला, दुसऱ्याचे गाव सोडून गेलेले आणि तिसरीचे खोपटला राहिलेले!

एकाएकी दक्षता वळली. "चिखल नाहीये! बांबू कुठेही खुपसू देत, तिथे नुसता चिखल नाहीये! हे बघा!"

तिने खिशातून फोन काढला. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. शाळा नाही, घरात कुणी नाही, सकाळपासून नुसती खिडकी. तेव्हा खडकापासून काठापर्यंत एक काळी रेघ दिसली होती, आणि कंटाळा आला म्हणून तिने फोटो काढून दादाला पाठवला होता. दादाने अंगठा पाठवला होता, तोही रात्री.

"भाई, ही रेघ तर सरळ चाललीय!" सौमित्रने फोटो मोठा केला. "वळत नाही, तुटत नाही. पण आत्ता का दिसत नाही?"

प्रणितने खाडीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आजा! ए आजा! तू सायबाला आजच का रं बोलवलास?"

धाकू आजोबा होडी धुता धुता थांबले. "तो बोल्ला, होडी कवा रिकामी हाय? मी बोललो, आठमीला. भांगाला जालं कोन टाकतं? तवाच रिकामी असते."

"आनि भांगाला पानी उतरतं किती?"

आजोबांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मला कुणी समजेल असं सांगेल का?" सौमित्र वैतागला.

प्रणितने सांगितलं. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीला जोरच नसतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. तो भांग. अमावास्या-पौर्णिमेला मात्र उधाण. पाणी खूप चढतं आणि मग तितकंच खाली जातं. मासळी मिळते ती उधाणाला, त्यामुळे तेव्हा सगळ्या होड्या पार खाली खाडीच्या तोंडाशी. बाया सकाळपासून डोंबिवलीच्या बाजारात. वाड्यात उरतं कोण? कुत्री! आणि प्रणित शाळेत.

"म्हणजे तिचे पाय उघडे पडतात तेव्हा बघायला कुणी नसतंच!" दक्षता म्हणाली. "आणि सगळे घरी असतात तेव्हा ती पाण्यात!"

"माज्या बापानंबी नसंल बघितला," धाकू आजोबा पुटपुटले. "त्या खडकाजवल जालं फाटतं म्हणून आमी लांबूनच जातो. सायबाचं काय घेऊन बसलाय, मीच चुकीचा दिवस दिला त्याला."

"आता अमावास्या कधी?" सौमित्रने विचारलं आणि स्वतःच जीभ चावली. दिवाळीची अमावास्या कधी, हे विचारायला लागतं का!

"अमावास्येपेक्षा बीजेला पानी जास्ती उतरतं," प्रणित म्हणाला. "भाऊबीजेला. सकाली."

*

धाकू आजोबांकडून नंबर घेऊन देवेश सरांना फोन केला दक्षताने. फोटो पाठवला, भांग-उधाण समजावलं, अगदी शहाण्यासारखं बोलली. सरांनी एका वाक्यात निकाल लावला.

"बाळ, फोटो धुरकट आहे. ती कचऱ्याची रेघ आहे. आणि भाऊबीजेला मी टेंभी नाक्याला बहिणीकडे जाणार. शुभ दीपावली!"

"गेलं," दक्षता म्हणाली. "आपण मोठे नाही ना, म्हणून."

"मग मोठे होऊ की!" सौमित्रने डोळे मिचकावले. त्याने स्वतःचा फोन घेतला, घसा खाकरला आणि पोट पुढे काढून असा काही जाड आवाज लावला की प्रणित दोन पावलं मागे सरकला.

"नमस्कार सर! कोळीवाड्यातून बोलतोय. भाऊबीजेला सकाळी सासुरवाशिणीचा निरोप समारंभ ठेवलाय. आता ती जाणार ना, म्हणून. प्रमुख पाहुणे म्हणून आपण यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. हो हो, शाल आहे. नारळपण आहे. किती वाजता? सातला. फोटो? फोटो तर काढणारच सर!"

फोन ठेवून तो जमिनीवर गडगडा लोळला. "येतायत! शाल म्हटल्यावर आवाजच बदलला!"

"पन शाल कुठंय?" प्रणितने विचारलं.

"पप्पांना सोसायटीने दिलेली आहे. घडीपण मोडली नाहीये."

त्यानंतरचे दिवस तिघांनी धक्क्यावरच काढले. पाणी रोज सकाळी थोडं जास्त खाली जात होतं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी खडकाजवळ काहीतरी काळं डोकं वर काढून गेलं. पाडव्याला अशी तीन-चार डोकी दिसली, पण मध्ये मध्ये पाणीच होतं.

"उद्याही एवढंच उतरलं तर?" दक्षताने विचारलं. 

पाडव्याच्या संध्याकाळी दादाचा फोन आला. दिवाळीनंतर लगेच परीक्षा, नागपूरहून येणं जमणार नाही. दक्षता "बरं" म्हणाली. "मजेत आहे" असंही म्हणाली. फोन ठेवल्यावर आईने जवळ घेतलं. "चंद्राला ओवाळ गं उद्या. भाऊ लांब असला की चंद्राला ओवाळतात."

"चंद्र काय खोड्या काढतो? चंद्र काय माझा फराळ पळवतो?" दक्षता फणकारली आणि खिडकीत जाऊन बसली. सगळ्या इमारतींवर आकाशकंदील लागले होते. खाडी काळीकुट्ट होती आणि खडक तर दिसतही नव्हता. दादा आठवून तिला खूप रडू आलं. ती मुकाट्याने रडली आणि तशीच उठून अंथरुणावर गेली.

*

भाऊबीजेच्या सकाळी धक्क्यावर रिक्षा थांबली. देवेश सर रेशमी कुडता घालून उतरले. पायात नक्षीच्या मोजड्या, अंगाला अत्तर! त्यांनी मंडप शोधला, माईक शोधला, माणसं शोधली. समोर तीन पोरं उभी होती. एकीच्या हातात ओवाळणीचं तबक, दुसऱ्याच्या हातात शाल, तिसऱ्याच्या हातात लांबलचक फळी.

"बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे म्हणजे ती, सर," दक्षताने खाडीकडे बोट दाखवलं. "तिच्याकडे जायचंय."

"अरे, मग होडी कुठाय?"

"होडी नाय लागत," प्रणित म्हणाला. "चालत जायचं."

सर खवळले. "चेष्टा करता? सुट्टीच्या दिवशी, बहिणीला ताटकळत ठेवून मी..." आणि तिथेच त्यांचं वाक्य अडलं.

पाणी उतरत होतं. खडकाच्या पायाशी एक काळा उंचवटा वर आला, मग त्याच्या अलीकडे दुसरा. दक्षताने तबक घट्ट धरलं होतं. तिला वाटलं, आता थांबेल, कालच्यासारखं इथेच थांबेल. पण पाणी थांबलं नाही. ते दोन्ही बाजूंना ओसरत गेलं, उंचवटे एकमेकांना जोडले गेले, आणि बघता बघता खडकापासून थेट त्यांच्या पायांपर्यंत एक काळी दगडी भिंत उघडी पडली. जेमतेम एक माणूस चालेल एवढी रुंद, सरळ, आखल्यासारखी!

"आली! पूर्ण आली!" सौमित्रने शालीसकट उडी मारली.

 सरांनी डोक्यावरची टोपी काढून सौमित्रच्या हातातल्या शालीवर ठेवली आणि चालायला लागले.

"पायातलं काढू नका, कालवं लागतील! धार असते त्यांना!" प्रणित ओरडला. भिंतीवर कालवांच्या शिंपल्यांचा खच होता. सगळे एकामागून एक, हात पसरून निघाले. दोन्ही बाजूंना चकचकीत चिखल. खेकडे तुरुतुरु बिळात पळत होते. दक्षता खिडकीतून पाच महिने जिच्याशी बोलली होती, तिच्यापर्यंत आज ती पायांनी चालत गेली. तिने हळूच खडकावर हात टेकला. तो थंडगार होता.

"किती दिवस बघत होते गं तुला," ती म्हणाली. बाकीच्यांनी ऐकलं नाही, हे बरं झालं.

सरांनी खिशातून छोटी हातोडी काढली. समारंभाला हातोडी घेऊन आलेला हा जगातला पहिलाच पाहुणा असावा! त्यांनी खडकावर ठोकलं. टण्ण! भिंतीवर ठोकलं. टण्ण! दोन कपच्या काढून शेजारी शेजारी धरल्या. तोच बारीक काळा पोत, तोच रंग.

"डाईक आहे हा!" त्यांचा आवाज बारीक झाला होता. "जमिनीला भेग पडते, त्या भेगेत लाव्हा घुसतो आणि तिथेच थिजून दगडाची भिंत होते. आजूबाजूचा मऊ दगड झिजून जातो आणि ही उरते. करोडो वर्षं हा खडक इथेच आहे! आणि मी त्याला पुलाचा धोंडा... थांबा, थांबा, मला बाजूने एक फोटो घेऊ द्या."

"सर, खाली उतरू नका!"

तोवर सर उतरले होते. एक पाय घोट्यापर्यंत, दुसरा गुडघ्यापर्यंत, आणि मग चिखलाने दोन्ही पाय धरून ठेवले. जितके ते धडपडले तितके खाली गेले. त्याच क्षणी प्रणितने पाण्याकडे पाहिलं. खडकाजवळच्या घळीत पाणी उलटं फिरायला लागलं होतं.

"भरती लागली! हलू नका सर, अजिबात हलू नका!"

प्रणितने फळी चिखलावर आडवी टाकली आणि तिच्यावर पोटावर झोपला. "सर, छाती फळीवर टाका! पाय ओढू नका, पोहल्यासारखे हलवा! सौमित्र, शाल!"

"नवी आहे रे!"

"सौमित्र!!"

शालीचं एक टोक सरांच्या काखेतून गेलं, दुसरं दक्षताने आणि सौमित्रने खडकाच्या एका कंगोऱ्याला वेढा घालून धरलं. "ओढा! अजून! अजून!" दक्षताच्या हातांना रग लागली, पण तिने शाल सोडली नाही. शेवटी पच्चकन आवाज आला आणि सर भिंतीवर येऊन आडवे पडले. रेशमी कुडता गेला, अत्तर गेलं, दोन्ही मोजड्या खाडीला अर्पण!

"सत्कार झाला सर तुमचा," सौमित्र म्हणाला. "शाल मिळाली ना?"

सर पडल्या पडल्या हसायला लागले. मग सगळेच हसले, आणि हसत हसतच काठाकडे पळाले, कारण मागून पाणी भिंतीवर चढत होतं.

*

होड्या भरतीबरोबर वर आल्या तेव्हा धक्क्यावर चिखलाने माखलेला एक साहेब आणि तीन पोरं चहा पीत बसलेली. भिंतीचा काठाकडचा तुकडा अजून उघडा होता. धाकू आजोबांनी तो बघितला आणि हातातलं वल्हं खाली ठेवलं.

"आमाला वाटला, तिला कोनी नाय," ते म्हणाले. "ही तर माहेराला धरून उभी हाय."

देवेश सर उठले. "धाकूशेठ, चूक माझी. दुपारी जेवायच्या आधीची सोयीची वेळ बघून मी आलो, बांबू खुपसला आणि निघून गेलो. या पोरांनी नीट बघितलं. मी आजच फुली पुसून टाकतो. बोटींचा मार्ग पलीकडून जाईल, तसं पत्र मी स्वतः देतो." मग ते मुलांकडे वळले. "आणि शाब्बास! सूची करणाऱ्याला डोळे लागतात. ते तुमच्याकडे आहेत. माझ्याकडे नुसती दुर्बीण होती."

प्रणितची मान ताठ झाली. सौमित्रने आपली मान आधीच ताठ करून ठेवली होती.

सरांनी फोनवर नोंद लिहायला घेतली आणि मोठ्याने वाचली. "नाव, सासुरवाशीण. खाडीच्या मध्यभागी एकटा उभा असलेला..."

"एकटा लिहू नका!"

सगळे दक्षताकडे बघायला लागले. तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. "लांबून एकटी दिसते सर. मलाही वाटायचं. पण ती खालून जोडलेली आहे, म्हणूनच तर सूचीत बसली ना? मग एकटी कशी?"

सरांनी शब्द खोडला. पुन्हा लिहिलं आणि या वेळी तिला वाचायला दिलं. 'काठाशी खालून जोडलेला खडक. उधाणाच्या ओहोटीला जोड दिसते.'

दुपारी भरतीला तिन्ही होड्या निघाल्या. या वेळी होड्यांत बायकाही होत्या, सौमित्रचे आई-बाबा होते, सुट्टी घेऊन आलेली दक्षताची आई होती. खडकाला खण-नारळ दिला. काठावर आल्यावर दक्षताने प्रणितला आणि सौमित्रला ओवाळलं. प्रणितने ओवाळणी म्हणून तिला एक मोठा शिंपला दिला. सौमित्रने चिखलाची शाल देऊ केली, ती कुणीच घेतली नाही.

संध्याकाळी घर पुन्हा शांत झालं. दक्षता तबक घेऊन खिडकीत उभी राहिली. बीजेची बारीक कोर खाडीवर टेकायला आली होती आणि मावळतीचा उजेड अजून पाण्यावर होता. दादाचा व्हिडिओ कॉल आला.

"ओवाळलंस का चंद्राला?"

"आधी तुला." तिने फोनला ओवाळलं, मग चंद्राला.  पलीकडे दादाचे डोळे भरले होते. त्याच्या मागे दिसणाऱ्या हॉस्टेलच्या मजल्यावरही सगळी दारं बंद होती, आणि हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

"दादा, थांब. फोन खिडकीकडे करते. तुला एक दाखवायचंय."

"काही दिसत नाही गं. नुसता खडक आहे."

"कट करू नकोस," दक्षता म्हणाली. "पाणी उतरतंय. थोडा वेळ थांब माझ्याबरोबर."

तो थांबला. खडकाच्या पायाशी पहिला काळा उंचवटा वर येत होता.